लिव्हरचा जुना आजार: तज्ज्ञ डॉक्टर क्रमाने काय पाहतात आणि घरी काय सांभाळायचं

लिव्हरच्या ओपीडीत पहिल्यांदा येणारा पेशंट बहुतेक वेळा एकाच आकड्यावर बोट ठेवून खुर्चीत बसतो. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम. ‘डॉक्टर, मागच्या वेळी एकशे दहा होतं, आता छत्तीस आलंय. म्हणजे लिव्हर सुधारलं ना?’ मी रिपोर्ट हातात घेतो आणि आधी दुसरीकडेच बघतो: प्लेटलेट, अल्ब्युमिन, आयएनआर. कारण एसजीपीटी लिव्हरचं काम मोजत नाही. सध्या किती पेशी फुटताहेत, एवढंच ते सांगतं. वर्षानुवर्षं झिजलेल्या लिव्हरमध्ये फुटायला पेशीच कमी उरल्या, की हा आकडा आपोआप उतरतो. सिऱ्हॉसिस (जखमांचे व्रण साचून लिव्हर कडक होणं) झालेल्या कित्येक माणसांचं एसजीपीटी नॉर्मल असतं.

सहा महिन्यांहून जास्त काळ चाललेल्या आजाराला आम्ही जुना आजार म्हणतो. तो असलेल्या माणसासाठी, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी, मी हे लिहितोय. टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरच्या डोक्यात काय क्रम चालू असतो हे कळलं, की नेमके प्रश्न विचारता येतात. आणि या आजारात दोन भेटींच्या मधले दिवस भेटींपेक्षा महत्त्वाचे असतात.

पहिली पायरी: रक्ताचा रिपोर्ट वाचणं

लिव्हर खरंच काम करतंय का, हे तीन आकडे सांगतात. अल्ब्युमिन हे प्रथिन लिव्हरच बनवतं. रक्त गोठवणारे घटकही तिथेच बनतात, ते कमी पडले की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढतं. बिलिरुबिन बाहेर टाकणं हे लिव्हरचं काम, ते साचलं की डोळे पिवळे होतात. आणि प्लेटलेट? त्या लिव्हरमध्ये बनत नाहीत, तरी मी त्या सगळ्यात आधी पाहतो. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. वर्षागणिक दोन लाखांवरून दीड, दीडवरून एक लाख दहा हजार अशा उतरत जाणाऱ्या प्लेटलेट म्हणजे लिव्हरची हाक असते. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. आजच्या एका आकड्यापेक्षा पाच वर्षांची उतरण जास्त बोलते.

याच आकड्यांतून एक सोपा हिशेब मांडता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. वर सांगितलेल्या पेशंटचं वय ५८, एसजीओटी ५४, प्लेटलेट ११० हजार आणि एसजीपीटी ते ‘सुधारलेलं’ ३६ धरू. ५८ गुणिले ५४ म्हणजे ३१३२. ११० गुणिले ६ म्हणजे ६६०. उत्तर येतं ४.७. हा आकडा १.३ च्या खाली असला तर लिव्हरमध्ये जखमांचा मोठा व्रण साचला असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असला तर पुढची तपासणी हवीच. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात. म्हणजे एसजीपीटी नॉर्मल, आणि तरीही हा माणूस तज्ज्ञाकडे आज पोचायला हवा होता.

कारण शोधणं, आणि एकावर न थांबणं

दारू, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि फॅटी लिव्हर ही चार मोठी कारणं. त्यांच्या मागे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटण्याचा (ऑटोइम्यून) आजार, पित्तनलिकांचे आजार, तांबं साठणारा विल्सनचा आजार, लोह साठण्याचा आजार अशी रांग असते. तरुण माणसात विल्सन विसरून चालत नाही, कारण त्याला औषध आहे आणि भावंडांनाही तपासावं लागतं.

इथे एक चूक वारंवार दिसते. पेशंट दारू पितो हे कळलं, की शोध तिथेच संपतो. पण पिणाऱ्या माणसाला हिपॅटायटिस बी असू शकतो, आणि मधुमेह असलेल्या लठ्ठ माणसाला ऑटोइम्यून आजारही. म्हणून कारण उघड दिसत असलं तरी बी आणि सी च्या चाचण्या सगळ्यांच्याच करतो. आणि दारूबद्दल विचारताना मी पेशंटशी एकट्याने बोलतो. लाजेपोटी लपवलेली गोष्ट उपचार चुकवते. खरं सांगणाऱ्याला माझ्याकडून बोलणी बसणार नाहीत, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

लिव्हर किती कडक झालंय?

पूर्वी यासाठी सुईने लिव्हरचा तुकडा काढावा लागे, म्हणजे बायोप्सी. आज बहुतेकांचं फायब्रोस्कॅनवर भागतं. बरगड्यांमधून एक हलका ठोका देतात आणि त्याची लहर किती वेगाने धावते त्यावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. दहाच्या खाली असेल आणि इतर खुणा नसतील, तर पुढे गेलेला आजार जवळजवळ नाकारता येतो. पंधराच्या वर तो असल्याची दाट शक्यता, आणि पंचवीसच्या वर पोर्टल दाबही बराच वाढलेला असतो. तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नका. भरल्या पोटी, किंवा कावीळ-सूज जोरात असताना, आकडा खोटा वाढतो.

बायोप्सी आजही लागते, पण निवडक वेळी: निदानच कळत नसेल, किंवा ऑटोइम्यून आजाराची शंका असेल तेव्हा.

अलीकडे की पलीकडे

सगळ्या तपासण्यांतून मला खरं तर एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. सिऱ्हॉसिस झालेलं लिव्हर अजून सावरून आहे, की त्याने हात टेकलेत? पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी होणं, बुद्धी भ्रमणं आणि कावीळ होणं, या चारांपैकी एकही घडलं की माणूस रेषेच्या पलीकडे गेला असं आम्ही धरतो. फरक मोठा आहे. अलीकडच्यांचं सरासरी आयुर्मान बारा वर्षांहून जास्त असतं, पलीकडे गेल्यावर ते साधारण दोन वर्षांवर येतं. लिव्हरतज्ज्ञाचं बरंचसं काम म्हणजे माणसाला या रेषेच्या अलीकडे धरून ठेवणं, आणि पलीकडे गेलेल्याला परत आणता येतं का ते बघणं. आजाराचं मूळ कारण पुरतं थांबलं तर काही जण परत येतात. पाणी उतरतं, औषधं सुटतात, अल्ब्युमिन चढतं. मी हे पाहिलंय, म्हणून ‘सिऱ्हॉसिस म्हणजे संपलं’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मोजमापासाठी चाइल्ड-प्यू गुण वापरतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम. पाच-सहा गुण म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहा ते पंधरा सी. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘आमचा चाइल्ड किती?’ एका अक्षरात बरंच काही कळतं.

कारणावर घाव

हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. आज त्यावर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूची तपासणी करून तो गेल्याची खात्री करायची. त्या सुरू करण्याआधी बी ची तपासणी झालेली हवी, कारण सी जाताना दबलेला बी डोकं वर काढू शकतो.

बी ची गोष्ट वेगळी. टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची गोळी विषाणूला दाबून ठेवते, पण बहुतेकांच्या शरीरातून तो पूर्ण जात नाही. म्हणून ‘रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळी बंद केली’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. अचानक थांबवलेली गोळी काही आठवड्यांत आजार उसळवते, आणि सिऱ्हॉसिसमध्ये ती उसळी जिवावर बेतते.

फॅटी लिव्हरमध्ये वजन हेच मुख्य औषध. पाच टक्के उतरलं तर चरबी कमी होते, सातच्या पुढे सूज ओसरते, दहा टक्क्यांपर्यंत गेलं तर व्रणही मागे हटू शकतो. ८० किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे ८ किलो. ते वर्षभरात उतरवायचे, महिन्याभरात नाही. पण पोटात पाणी असताना किंवा स्नायू झडलेले असताना वजन कमी करण्याच्या मागे लागू नका.

दारूबाबत एकच मर्यादा आहे: शून्य. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एका रात्रीत सोडू नये. दोन-चार दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, आणि मानसोपचारतज्ज्ञाला सुरुवातीपासून सोबत घ्या. पुन्हा प्यायला लागलेला माणूस परत यायला शरमतो आणि मग थेट रक्ताची उलटी होऊनच येतो. घरच्यांनी त्याला पुन्हा दवाखान्यात आणावं, एवढीच माझी विनवणी असते.

शिरांमधला दाब

वाढलेल्या दाबाचं रक्त वाट शोधत अन्ननलिकेच्या शिरांमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. फुटल्या तर माणूस काही तासांत जाऊ शकतो, आणि फुटेपर्यंत काहीही दुखत नाही. फायब्रोस्कॅन वीसच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर असतील तर एण्डोस्कोपी पुढे ढकलता येते, नाहीतर करून घ्यावी. मोठ्या शिरांना रबराची छोटी कडी बसवून बांधतात, त्याला बॅण्डिंग म्हणतात. कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या दाब उतरवतात, आणि पुढे पोटात पाणी होणंही लांबवू शकतात. दमा असेल तर आधी सांगा. या गोळ्या चालू असताना घरी नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवा. वरचा आकडा नव्वदच्या खाली जाऊ लागला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, पण परस्पर गोळी बंद करू नका.

पोटातलं पाणी

पहिल्यांदा पाणी दिसलं की त्यातलं थोडं सुईने काढून तपासायचंच. ते लिव्हरमुळे आहे की क्षय, कर्करोग किंवा हृदयामुळे, हे त्यातून ठरतं. आणि त्यात जंतू शिरलेत का, हेही. एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी २५० च्या वर गेल्या तर ताप नसला, पोट दुखत नसलं, तरी प्रतिजैविकं लगेच सुरू करावी लागतात.

घरचं पहिलं काम मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. यात पाकिटातले आणि डबाबंद पदार्थ धरलेले आहेत, आणि खरा हिशेब तिथेच चुकतो. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असताना ते धोक्याचं ठरतं. पाणी पिणं मात्र सरसकट कमी करायचं नाही. रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं, तर डॉक्टर स्वतः मर्यादा घालतात.

दुसरं काम वजनाची वही. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. ही वही मला कुठल्याही स्कॅनपेक्षा प्रिय आहे. लघवीच्या गोळ्यांनी पायावर सूज नसताना दिवसाला अर्धा किलो, सूज असताना एक किलोपर्यंत उतरलेलं चालतं. त्याहून वेगाने उतरलं तर मूत्रपिंडं कोरडी पडतात. ६८.४, ६८.०, ६७.५ अशी सरळ उतरणारी ओळ दिसली की मी गोळी तीच ठेवतो. ६८ वरून दोन दिवसांत ६५ दिसलं की हातातलं पेन थांबतं.

‘पाणी काढलं की ताकद जाते आणि दुप्पट भरतं’ ही भीती घराघरांत असते. पाणी पुन्हा भरतं ते आजारामुळे, काढल्यामुळे नव्हे. पाच लिटरहून जास्त काढायचं असेल तर दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात, म्हणजे रक्तदाब आणि मूत्रपिंडं सांभाळली जातात. हे अल्ब्युमिन दिलं जाणार आहे ना, हे विचारायला संकोचू नका.

मेंदूवर उतरणारी सावली

आतड्यांत तयार होणारा अमोनिया लिव्हर निवळतं. ते थकलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. भेटीत मी म्हणतो, ‘दोन्ही हात पुढे करा, मनगटं मागे वळवा, बोटं पसरा.’ काही क्षण हात स्थिर राहतात, मग पंजे खाली पडतात आणि पुन्हा वर येतात, पाखराने पंख झटकावेत तसे. त्यानंतर वहीत सही करायला सांगतो आणि मागच्या महिन्याच्या सहीशेजारी ठेवून बघतो. एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायला लावतो. दहाचा आकडाही गाठता आला नाही, तर काहीतरी बिघडतंय.

पण हे सगळ्यात आधी कळतं ते बायकोला, नवऱ्याला, मुलांना. ‘रात्रभर जागे असतात, दिवसा झोपतात.’ ‘शर्टाची बटणं वरखाली लावली.’ ‘टीव्हीचा रिमोट कानाला लावून बोलत होते.’ घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा मुद्दाम करताहेत. मुद्दाम नाही. हा आजार आहे आणि बहुतेकदा तो उतरतो.

लॅक्ट्युलोजचं औषध इथे मुख्य, आणि त्याचा डोस चमच्यात नव्हे तर शौचाच्या संख्येत मोजायचा: दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ. एकदाही झालं नाही तर डोस वाढवा, पाच-सहा वेळा पातळ झालं तर कमी करा. दुसरी बाजू लोक विसरतात. जास्त जुलाबांनी शरीर कोरडं पडतं आणि भ्रम वाढतोच. वारंवार भ्रम होणाऱ्यांना रिफॅक्सिमिनची जोड देतात. भ्रम अचानक का झाला, हेही शोधायचं: बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक, झोपेची गोळी. आणि अशा माणसाच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका, तो ‘ठीक आहे’ म्हणाला तरी.

खाणं: जुना सल्ला विसरा

लिव्हरच्या पेशंटला प्रथिनं बंद करा, हा सल्ला एके काळी डॉक्टरच देत. तो चुकीचा ठरला. स्नायूही अमोनिया निवळतात, आणि प्रथिनं तोडली की स्नायू झडतात. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वजन पाण्याशिवायचं धरायचं. दूध, अंडी, डाळी, कडधान्यं, जे पचतं आणि आवडतं ते.

आणि उपाशी राहायचं नाही. सिऱ्हॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू जाळायला लागतं. दिवसा दर तीन-चार तासांनी थोडं खा, आणि झोपण्याआधी एक छोटं खाणं नक्की. रुचत नसलं तरी. औषधांच्या यादीत मी ते स्वतः लिहून देतो, कारण तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही. सोबत रोजचं चालणं आणि जमेल तेवढा हातापायांचा व्यायाम.

गोळ्यांची पिशवी

प्रत्येक भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, दुसऱ्यांनी दिलेल्याही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडं बसतात आणि रक्तस्राव होतो, त्या बंद. पॅरासिटॅमॉलला लोक उगाच घाबरतात. दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून, तेच जास्त सुरक्षित. झोपेच्या गोळ्या टाळा. ‘लिव्हर साफ करणारी’ चूर्णं, काढे, शरीर कमावण्याच्या पावडरी यांतल्या काहींनी उरलंसुरलं लिव्हर निकामी झालेलं आम्ही पाहतो. ते नैसर्गिक आहे की नाही हा प्रश्नच नाही, लिव्हरलाच ते निवळावं लागतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन मात्र सावरलेल्या सिऱ्हॉसिसमध्ये सहसा चालते. रिपोर्टला घाबरून परस्पर सोडू नका.

हिपॅटायटिस ए, बी, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसींचं पहिल्या महिन्यातच बघा.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी

सिऱ्हॉसिसमध्ये लिव्हरच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो, आणि सुरुवातीला तो मुका असतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपीची रक्ततपासणी केली, तर गाठ लहान असताना सापडते आणि समूळ काढता किंवा जाळता येते. हिपॅटायटिस सी बरा झाला तरी सिऱ्हॉसिस आधीच झालेला असेल तर ही तपासणी चालूच ठेवायची. हिपॅटायटिस बी मध्ये तर सिऱ्हॉसिस नसतानाही काहींना ती लागते. पुढची तारीख आजच फोनमध्ये टाका. चुकलेल्या एका वेळेत गाठ दोनवरून पाच सेंटिमीटरवर गेलेली पाहिली की फार वाईट वाटतं.

त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं

सकाळपर्यंत थांबू नका, अशा खुणा या: रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, असंबद्ध बोलणं किंवा उठवूनही न उठणं, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, लघवी खूपच कमी होणं, अचानक वाढलेली कावीळ. निघताना ताजे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी सोबत घ्या. रक्ताच्या उलटीत तोंडाने काही देऊ नका, कुशीवर झोपवून न्या.

प्रत्यारोपणाचं बोलणं लवकर

आजार किती गंभीर आहे ते सांगणारा मेल्ड नावाचा आणखी एक गुणांक आहे. तो सहा ते चाळीसपर्यंत जातो. पंधराच्या पुढे गेला, किंवा माणूस रेषेपलीकडे गेला, की मी प्रत्यारोपणाचा विषय काढतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण हा विषय लवकर काढला तर स्नायू, हृदय, मधुमेह सांभाळायला वेळ मिळतो. अतिदक्षता विभागात पोचल्यावर काढला तर पर्यायच उरत नाहीत. अमेरिकन सर्जन थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली पहिलं लिव्हर प्रत्यारोपण केलं, तेव्हा पेशंट वाचला नव्हता. आज ही रुळलेली शस्त्रक्रिया आहे. जिवंत दात्याने दिलेला भागही काही महिन्यांत वाढून भरतो, पण दात्याच्या जिवालाही थोडा धोका असतोच, आणि ते त्याला एकट्याला बसवून, घरच्यांच्या दबावाबाहेर सांगायला हवं.

सगळ्यांचं प्रत्यारोपण होत नाही. वय, इतर आजार, दाता न मिळणं. अशा वेळी वेदनाशमन आणि सांत्वनाची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांना मी लवकर बोलावतो, उपचार चालू असतानाच. खाज, पेटके, झोप, दर पंधरवड्याला पाणी काढण्याची सोय, आणि शेवटचे दिवस कुठे घालवायचे आहेत, हे त्या माणसालाच विचारणं. तो प्रश्न शुद्धीत असताना, हात स्थिर असताना विचारावा लागतो.